अकरा कोपरांचा पाइप

जावयाने सासुरवाडीला आल्यावर भिंतीला कान लावू नये. ही काय कुणी शिकवायची गोष्ट आहे? आमच्या जावयांना शिकवावी लागली. इंजिनिअर आहेत, मोठमोठ्या इमारती थंड ठेवण्याचं काम करतात, खिशाला दोन पेनं असतात. आणि आले ते पायातले बूट काढायच्या आधी आमच्या व्हरांड्यातल्या भिंतीला गाल टेकवून उभे राहिले. मी पाण्याचा पेला घेऊन बाहेर आले तर हे डोळे मिटून ऐकतायत. मी पेला हातात धरून उभी. घसा खाकरला. त्यांनी माझ्याकडे न बघता बोट वर केलं, म्हणजे गप्प राहा. माझ्या घरात, माझ्या व्हरांड्यात, मला.

समोरच्या खिडकीतून निवृत्त मास्तर बघत होते. मास्तरांनी बघितलं म्हणजे गल्लीने बघितलं. संध्याकाळपर्यंत मला दोघींनी विचारलं की जावई कुणाचं बोलणं ऐकत होते. त्यातली एक तर आवाज खाली आणून म्हणाली, "धाकटीचं का?"

धाकटी म्हणजे माझी जाऊ. भिंतीपलीकडे राहते. तिचं पुढे येईलच.

जावई भिंतीचं नव्हे तर पाइपाचं ऐकत होते. भिंतीवरून आमच्या कारखान्याचा पाइप जातो. कारखाना म्हटलं की लोकांना धुराडं दिसतं. आमचा म्हणजे घरामागची शेड आणि तिच्यात एक मशीन. औषधाच्या बाटल्यांची झाकणं करतं. प्लॅस्टिक वितळवायचं, साच्यात दाबायचं, साच्याभोवती गार पाणी फिरवायचं, की झाकण टणक होऊन खाली पडतं. पाणी गार करणारं यंत्र, टाकी आणि पंप पुढच्या अंगणात. तिथून पाइप घराला वळसा घालून मागे शेडमध्ये जातो. एवढंच. मी शाळेची चार वर्षंही धड केली नाहीत, तरी मला हे समजतं.

समजत नव्हतं ते हे, की गेले काही महिने मशीनपाशी पाणी दमून येत होतं. साचा निवत नव्हता. झाकणं गरम बाहेर पडायची आणि वाटेल तशी वाकायची. औषध कंपनीचा माणूस येऊन पोती परत देऊन गेला. म्हणाला, "शनिवारी मी स्वतः मशीनपाशी उभा राहीन. झाकण नीट बसलं तर ठीक, नाहीतर आमची झाकणं दुसरीकडे."

त्या रात्री जेवताना माझा मुलगा ताटाकडे बघत म्हणाला, "आई, शनिवारी नाही जमलं तर मशीन विकून टाकू. मला लांब नोकरी मिळतेय. आम्ही तिघं तिकडे जाऊ."

तिघं म्हणजे तो, सून आणि माझी नात.

"जा की," मी म्हटलं. "मी काय दाराला कडी लावून बसलेय?"

मग स्वयंपाकघरात जाऊन मी एकच पातेलं दोनदा घासलं. सुनेने ते पाहिलं आणि लेकीला फोन केला. लेकीने नवऱ्याला धाडला. असे जावई आले आणि भिंतीला चिकटले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाब मोजायची दोन घड्याळं आणली. त्याला ते गेज म्हणतात. काटा असतो, आकडे असतात, वेळ मात्र कळत नाही. एक पंपापाशी बसवलं, एक मशीनपाशी. पंपापाशी काटा तीनवर, मशीनपाशी एकच्याही खाली.

"पंपानं खरं म्हणजे चार दाखवायला हवेत," जावई म्हणाले. "पण पंप जुना आहे, ते चालायचंच. माझी काळजी वेगळी आहे, आई. दोनाच्या वर दाब वाटेत जातोय."

"वाटेत कुठं?"

"पाइपात."

"पाइप गळतोय म्हणा की."

"थेंबभर गळत नाही."

"मग गेला कुठं?"

"हरवला," ते म्हणाले.

आता मला सांगा. माझ्या घरात साधा चमचा हरवत नाही. सुनेचं कानातलं हरवलं तेव्हा मी मोरीची जाळी उचकटून काढून दिलं होतं. आणि हा माणूस मला सांगतो, वस्तू बाहेर पडलेली नाही, आतही नाही, कुणी घेतलेली नाही आणि तरी हरवली. मी कोरडं फडकं घेतलं आणि टाकीपासून शेडपर्यंत सगळा पाइप पुसत गेले, कुठे ओल लागते का पाहायला. फडकं कोरडंच. जावई मागून चालत समजावत होते. पाणी पाइपाला घासतं. घासलं की दाब खर्च होतो. वळणावर जास्त घासतं, आपटतं, गोल फिरतं. एका कोपरात जेवढा दाब जातो तेवढा तीन फूट सरळ पाइपात जातो.

कोपर म्हणजे पाइपाला वळवायचा तो वाकडा तुकडा. प्लंबर त्याला एल्बो म्हणतो.

"तुमच्या पाइपाला अकरा कोपरं आहेत," जावई म्हणाले. "पाइप साठ फुटांचा आहे, पण पाण्याच्या दृष्टीनं तो जवळजवळ शंभर फुटांचा आहे."

"पाण्याला दृष्टी कधीपासून आली?" मी विचारलं. पण मनातून मी गोंधळले होते. साठ फुटांचा पाइप मी स्वतः उभं राहून आणवला होता. चाळीस फूट पाइप घरात येऊन बसतो आणि घरच्या बाईला पत्ता नाही?

मग त्यांनी विचारलं ते विचारायला नको होतं. "ही एवढी कोपरं घातली कुणी?"

मी घातली. आणि उगाच नाही घातली. पाइप टाकायचा ठरला तेव्हा या घरात जी जुंपली होती ती जावयांनी पाहिलेली नाही. व्हरांड्यात आमचे हे खुर्ची टाकून बसतात, दिवसभर. पाइप त्यांच्या डोक्याशी येत होता. म्हणून तो त्यांच्या आधी वर नेला, डोक्यावरून आडवा घेतला आणि पलीकडे खाली उतरवला. चार कोपरं. देवळाच्या कमानीत बसल्यासारखे दिसतात. पुढे सुनेच्या खिडकीखालून जात होता, तर ती म्हणाली गार पाइपाला घाम सुटतो, भिंत ओली होईल. दोन कोपरं घालून खिडकी चुकवली. आणि शेवटची पाच धाकटीच्या खोलीभोवती.

दिरांच्या वाटणीत मागची कोपऱ्याची खोली धाकटीकडे गेली. आमची शेड बरोबर तिच्या मागे. पाइप सरळ न्यायचा तर तिच्या खोलीतून न्यावा लागणार. मी तिला विचारलं नाही. ती गल्लीत म्हणाली, "मला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?" ते मला दुसऱ्याच्या तोंडून कळलं. मी म्हटलं, आता तर नाहीच विचारत. पाइप गल्लीतून, गटारावरून, तिच्या खोलीला वळसा घालून नेला. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. सांगायचं काय, ती अकरा कोपरं म्हणजे या घरातली शांतता आहे. ती मी राखली. आणि जावई म्हणतात त्यात दाब हरवतो.

जावयांनी मार्ग सांगितला तो असा, की पाइप सरळ करायचा. म्हणजे धाकटीच्या खोलीतून.

"दुसरा मार्ग?" मी विचारलं.

"पाइप जाड घ्यायचा. पण गटारावरून जाड पाइप वळत नाही, जागाच नाही."

"तिसरा?"

तिसरा त्यांच्याकडे नव्हता. तो मास्तरांकडे होता.

जावई सामान बघायला बाजारात गेले तेवढ्यात मास्तर आले. त्यांनी बागेला पाणी घालायची नळी हातात धरूनच आणली होती. "वहिनी," ते म्हणाले, "हे बघा." नळीच्या तोंडावर त्यांनी अंगठा धरला. पाणी उडून पार कुंपणापलीकडे गेलं. अंगठा काढला, पाणी पायाशी पडलं. "कळलं? तोंड बारीक, दाब जास्त. तुमचा पाइप जाड झालाय. बारीक टाका."

मला पटलं. कुणाला नाही पटणार? डोळ्यांनी दिसत होतं, अंगावर उडालंही होतं. मी मुलाला हाक मारली. मुलगा म्हणाला, "आई, भावजींना येऊ दे." मी म्हटलं, "भावजी येतील तोवर काम होऊन जाईल, त्यांनाही बरं वाटेल." प्लंबरला बोलावलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "काकू, तुमचं घर, तुमचा पाइप." व्हरांड्यातला लांब तुकडा काढून त्याने तिथे निम्म्या जाडीचा बसवला. मास्तर उद्घाटनाला आल्यासारखे पुढे उभे राहिले.

पंप चालू केला. पंप जो ओरडला तसा मी कुणाला ओरडताना ऐकलं नाही, धाकटीलाही नाही. मशीनपाशी काटा खाली जाऊन मेल्यासारखा पडून राहिला. व्हरांड्यातला सांधा सुटला आणि गार पाण्याचा फवारा मास्तरांच्या छातीवर बसला. ते "वहिनी, वहिनी" म्हणत मागे सरकत होते आणि फवारा त्यांच्या मागे जात होता. कमानीखाली आमचे हे बसलेले, कोरडे. त्यांनी पेपर थोडा उंच धरला, बस्स.

तेवढ्यात जावई फाटकातून आत आले. त्यांनी पंप बंद केला, कागद काढला आणि खांबाला टेकून गणित मांडलं. तुम्हाला सांगते, ओरडले असते तर बरं झालं असतं.

"आई, अंगठा धरला की पाणी वेगानं उडतं," ते म्हणाले, "पण तिथं वाट संपलेली असते. इथं त्या बारीक वाटेतून पाण्याला पुढं लांब जायचंय. पाइप निम्मा केला आणि तेवढंच पाणी न्यायचं म्हटलं, तर दाब दुप्पट नाही हरवत. बत्तीसपट हरवतो."

"निम्म्याचे बत्तीस?" मी म्हटलं. "हे कुठलं गणित?"

मास्तर सदरा पिळत होते. त्यांच्याकडे मी पाहिलं. शाळेत ते गणितच शिकवायचे. ते म्हणाले, "माझा विषय अंकगणित होता."

आता धाकटीला न विचारता भिंत कशी फोडायची ते मी शोधायला लागले. सामाईक भिंत आहे, म्हणजे सरकारी परवानगी मिळाली की झालं. तिची परवानगी कशाला? मी मुलाला घेऊन कार्यालयात गेले. पहिल्या खिडकीवरच्या साहेबाला सांगितलं, गार पाण्याचा पाइप न्यायचाय. तो म्हणाला, पाणी असेल तर पाणी विभाग, वरती. वरचा म्हणाला, पाणी पिण्याचं आहे का? नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग ते पाणी नाही. यंत्रातलं आहे, विजेच्या विभागाकडे जा. वीजवाल्याने विचारलं, पाइपात वीज आहे का? मी म्हटलं, असती तर मीच तुम्हाला हात लावायला बोलावलं असतं. मुलाने माझा पदर ओढला. शेवटी एका बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आजी, भिंतीला भोक पाडायचंय ना? मग एवढ्या फेऱ्या कशाला? पलीकडच्यांची संमती आणा."

"आणि ती नसली तर?"

"भांडण आहे का?"

"भांडण नाही," मी म्हटलं. "आम्ही बोलत नाही."

घरी येताना मुलगा फाटकापाशी म्हणाला, "राहू दे आई. उद्या मी त्या नोकरीला हो म्हणून कळवतो." आणि आत जाऊन त्याने कपाटावरची मोठी बॅग खाली काढली. नातीने लगेच त्यात बसून पाहिलं. बॅग तिच्या मापाची होती.

मी चप्पल काढलीच नव्हती. तशीच मागे फिरले.

धाकटी दारातच इस्त्री करत होती. मला पाहून तिने इस्त्री उभी केली. किती वर्षांनी मी त्या उंबऱ्यात उभी होते ते मी मोजलेलं नाही, तिने मोजलं असणार.

"बसा," ती म्हणाली.

"बसायला आले नाही."

"मग उभ्या राहा." तिने पुन्हा इस्त्री उचलली. "जाऊबाई, तुमचे जावई आल्यापासून माझ्या भिंतीला कान लावून आहेत. मला वाटलं, मी तुमच्याबद्दल काय बोलते ते ऐकायला तुम्हीच ठेवलाय त्यांना."

"बोलतेस का?"

"रोज."

मग म्हटलं, "पाइप न्यायचाय. तुझ्या खोलीतून." एवढंच. कृपया वगैरे मला म्हणता येत नाही, जीभ वळत नाही.

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. अडगळीची खोली. भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर डबे, पेट्या, जुन्या चादरी. फक्त कमरेच्या उंचीला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक सरळ पट्टा मोकळा होता. तिथे एक खिळासुद्धा नव्हता.

"सुताराला तेवढी जागा सोडायला सांगितली होती," धाकटी म्हणाली. "म्हटलं, आज ना उद्या याल विचारायला."

मी फळ्यांकडे पाहिलं, पुन्हा त्या मोकळ्या पट्ट्याकडे पाहिलं.

"फळ्या वाकड्या आहेत," मी म्हटलं.

"सुतार तुमचाच होता," ती म्हणाली.

शुक्रवारी घर उलटंपालटं झालं. धाकटीकडून सरळ पाइप गेला, पाच कोपरं गेली. सुनेची खिडकी राहिली, ती म्हणाली, "पाइपाला फोम गुंडाळणार असाल तर खिडकीखालून न्या की. मी तेव्हाही तेच म्हणत होते." म्हणाली असेल. तेव्हा सगळेच एकदम बोलत होते. उरली ह्यांची कमान. जावई ह्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, खुर्ची जरा बाजूला घेतली तर चालेल का?"

हे उठले. खुर्ची उचलली, हातभर पलीकडे ठेवली आणि बसले. चार कोपरं गेली.

"अहो, मग तेव्हाच का नाही सरकलात?" मी विचारलं.

"तेव्हा कुणी विचारलं नाही," हे म्हणाले.

जावई खुशीत होते. नवा पाइप जोडायचा म्हणून त्यांनी टाकी रिकामी केली आणि आत वाकून पंपाच्या तोंडाशी हात घातला. त्यांचा चेहरा बदलला. हात बाहेर आला तो एक काळपट, बुळबुळीत चिंधी घेऊन. ती पिळली, झटकली, तर तिला बाह्या फुटल्या.

बनियन होतं. पंपाच्या तोंडाला सुतळीने गच्च बांधलेलं.

सगळे बनियनकडे बघत राहिलो. व्हरांड्यातून आवाज आला, "माझं आहे."

"तुम्ही बांधलंत?"

"पाण्यात कचरा येत होता," हे म्हणाले. "नळाला फडकं बांधतो तसं बांधलं."

"आणि चार दिवस आम्ही दाब शोधतोय ते बघत बसलात?"

"तुम्ही दाब शोधत होतात," हे म्हणाले. "बनियन कुणी शोधत नव्हतं."

जावई त्या बनियनकडे असे बघत होते, जसं काही त्याने त्यांचं सगळं शिक्षण नापास केलं होतं. "म्हणजे पंप जुना नव्हता," ते हळूच म्हणाले. पेन काढलं, पुन्हा ठेवलं.

पंप चालू केला. पंपापाशी काटा चारवर. मशीनपाशी तीनच्या आसपास. मुलगा शेडमधून धावत आला. झाकण माझ्या हातावर ठेवलं. गार होतं. मी ते मुठीत धरून ठेवलं, उगाच.

शनिवारी कंपनीचा माणूस आला. पाढे म्हणून घ्यायला आल्यासारखा मशीनपाशी उभा राहिला. पडलेलं झाकण उचलून बाटलीला लावलं आणि बाटली स्वतःच्या पांढऱ्या रुमालावर उलटी धरली. आम्ही सगळे त्या रुमालाकडे बघत होतो, धाकटीसुद्धा तिच्या खिडकीतून. रुमाल कोरडा राहिला. त्याने घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "चालू ठेवा."

मुलाने बॅग परत कपाटावर टाकली. नात रडली, तिला त्यात झोपायचं होतं.

आता घरात वाद एकच आहे. मुलगा म्हणतो कोपरांनी काम झालं. मास्तर म्हणतात बनियनने. जावई म्हणतात दोन्हींनी, वाटा किती ते काढता येईल, फक्त बनियन परत बांधून एकदा मोजायला हवं. मी ते बनियन चुलीत घालायला निघाले होते, ह्यांनी धुऊन वाळत घातलं. मला अजूनही कळलेलं नाही, हरवलेला दाब परत आला तो कुठून आला आणि इतके दिवस होता कुठे.

एक राहिलं. प्लंबरने भिंतीला भोक पाडलं ते पाइपापेक्षा चांगलंच मोठं पडलं. तो सिमेंट भरायला निघाला तर धाकटी पलीकडून म्हणाली, "राहू द्या. पाइप गळला तर कळायला नको?" मीही म्हटलं, राहू द्या. सुरक्षेचा प्रश्न आहे. तेव्हापासून दुपारी आम्ही दोघी आपापल्या बाजूला स्टूल घेऊन पाइपावर लक्ष ठेवतो.

आज जावई निघणार. बॅग दारात, बूट पायात, आणि मी आतल्या खोलीत जाऊन बघते तर जावई पुन्हा भिंतीला, त्या भोकाशीच, कान लावून डोळे मिटून उभे. मला पाहून बोट वर केलं.

"आई, अजून कुठंतरी अडतंय," ते कुजबुजले. "थांबून थांबून आवाज येतोय. मोठा होतो, मग बारीक होतो."

मी त्यांचं बोट धरून खाली केलं.

"जावईबापू," मी म्हटलं, "तुमच्या हुशारीबद्दल मी चारचौघांत सांगेन, मास्तरांसमोर तर नक्की सांगेन. वागणुकीचं मात्र अजून बघावं लागेल. तो आवाज पाण्याचा नाही, धाकटीचा आहे. पलीकडून केव्हाची मला हाका मारतेय. कान काढा, मला बसू द्या."